स्पीकरवरचं गाणं सारखं तुटतंय? आधी देवळीतला राऊटर बाहेर काढा

"अरं, तुझं यंत्र पुन्हा मुकं झालं बघ."

सकाळी पावणेसातच्या सुमाराला आबांचा हा फोन ठरलेला असायचा. मी लातूरला, आई-आबा गावी, अंबाजोगाई तालुक्यात. दिवाळीला मी त्यांना वाय-फायवर चालणारा एक स्पीकर नेऊन दिला होता. चहा पिताना अभंग लागावेत, एवढीच आबांची अपेक्षा. दहा मिनिटं नीट चालायचं, मग मध्येच अर्धा चरण गिळला जायचा, परत सुरू, परत गप. कधी कधी तर दोन-दोन मिनिटं नुसती शांतता.

मी पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक जण करतात, आणि ते साफ चुकीचं होतं. नेटचा प्लॅन वाढवला. ४० एमबीपीएसचे १०० केले. गाणं होतं तसंच तुटत राहिलं, बिल तेवढं वाढलं.

पैसे गेल्यावर हिशोब मांडला. ॲपवर चांगल्या दर्जाचं गाणं म्हणून जे येतं ते साधारण ३२० केबीपीएसचं असतं, म्हणजे एका एमबीपीएसचा जेमतेम तिसरा हिस्सा. ४० च्या लाइनीतून अशी शंभरावर गाणी एकाच वेळी जातील. सीडीवरचा न दाबलेला आवाज घेतला तरी १४११ केबीपीएस, दीड एमबीपीएससुद्धा नाही. तेव्हा वेग कमी पडतोय असं फार क्वचित होतं. स्पीकर थोड्या वेळाचं गाणं आधीच साठवून ठेवतो. तो साठा संपेपर्यंत पुढचा माल पोचला नाही की तो गप्प बसतो. प्रश्न वाटेत खंड कुठे पडतो हा आहे, आणि तो खंड बहुतेक वेळा आपल्याच घरात सापडतो.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान एक दिवस ऐकून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाणं सुरळीत झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा तुटलं की पाढे पंचावन्न.

पायरी १ : आवाज कोणत्या वाटेने येतोय ते ओळखा

बिनतारी स्पीकर म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतो. ब्लूटूथ स्पीकरला गाणं फोन पाठवतो. नेटवरून फोनमध्ये आणि फोनमधून स्पीकरमध्ये, अशा दोन वाटा. वाय-फाय स्पीकरवर कास्ट केलं, तर फोन फक्त "हे गाणं लाव" असं सांगतो, आणि स्पीकर राऊटरमार्फत स्वतःच नेटवरून गाणं ओढून घेतो. मग फोनचा त्यात काही हात राहत नाही.

तुमचं कुठलं, ते ओळखायला गाणं सुरू करा आणि फोन चक्क बंद करा. गाणं चालूच राहिलं तर स्पीकर स्वतः ओढतोय. लगेच किंवा थोड्या वेळात थांबलं तर फोन मध्ये आहे.

ब्लूटूथवाल्यांनी आणखी एक करायचं. एक गाणं फोनमध्ये उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर टाका, नंतर फक्त ब्लूटूथ चालू करा आणि तेच गाणं लावा. आताही तुटत असेल तर नेटचा, राऊटरचा काही संबंध नाही. सरळ पायरी ६ वर जा. नीट वाजलं तर दोष नेटकडचा किंवा वाय-फायचा.

पायरी २ : दोन दिवस फुल्या मारा

कंटाळवाणं काम आहे, पण इथेच निम्मं निदान होतं. गाणं तुटलं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं ते लिहायचं. आईने हे दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवरच केलं. दुधाच्या आकड्याशेजारी फुली, आणि फुलीखाली एखादा शब्द.

दोन दिवसांनी मी ते पान फोटोवर पाहिलं तेव्हा दोन वेगळे प्रकार दिसले. सकाळच्या फुल्यांखाली दोन्ही दिवस आईने लिहिलं होतं, "बोअर". बाकीच्या फुल्या दिवसभर विखुरलेल्या. मी विचारलं, सकाळी किती वेळ बंद पडतं? "चहा गार होईस्तोवर." आणि दुपारी? "नुसतं अडखळतंय, बोबडं बोलल्यासारखं."

हा फरक लक्षात ठेवा. एक-दोन मिनिटांची सलग शांतता म्हणजे राऊटर किंवा स्पीकर बंद होऊन परत चालू होतोय. सेकंद-दोन सेकंदांची गचकी म्हणजे सिग्नल कमजोर आहे किंवा हवेत गर्दी आहे. फोनची स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांनी हमखास थांबत असेल तर फोनची बॅटरी बचत. फक्त रात्री आठ ते अकरात त्रास आणि त्याच वेळी फोनवरचा व्हिडिओही फिरत बसत असेल, तर बाहेरची लाइन. आमच्या घरी दोन दुखणी एकाच वेळी होती आणि एक दुसऱ्यामागे लपलं होतं, म्हणून महिनाभर काही उमगत नव्हतं.

पायरी ३ : लाइट बघा

मराठवाड्यात गावाकडे राहणाऱ्यांनी ही पायरी सगळ्यात आधी केली तरी चालेल. नेटबद्दलचे बहुतेक सल्ले लिहिणाऱ्यांच्या घरी व्होल्टेज कायम २३० असतं, त्यामुळे त्यांना हे सुचतच नाही.

बोअरची मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी चालू असतानापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, लांब असेल, तारा जुन्या असतील, तर त्या क्षणाला घरातली लाइट डिम होते. बल्ब नुसता मिचकावतो, पंखा तर फरक दाखवतही नाही, पण राऊटरचा स्वस्त ॲडॅप्टर तेवढ्यात हात टेकतो आणि राऊटर पहिल्यापासून सुरू होतो. परत नेट पकडायला त्याला दीड-दोन मिनिटं लागतात. चहा गार होतो तो असा.

खात्री करायची तर कुणाला तरी मोटरचं बटण दाबायला लावा आणि स्वतः राऊटरसमोर उभे राहा. सगळे दिवे एकदम विझून परत एकेक करून लागले, तर चोर सापडला.

उपाय म्हणजे राऊटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, आत बॅटरी असलेली डबी. घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवरचे दोन आकडे बघून घ्या: व्होल्ट आणि अँपिअर. बहुतेक १२ व्होल्ट असतात, काही ९ व्होल्टचेही असतात. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत, अँपिअर लिहिल्याएवढे किंवा जास्त. फायबरचं कनेक्शन असेल आणि फायबरची डबी व राऊटर वेगवेगळे असतील, तर दोन्हींना आधार लागतो. फक्त राऊटर जिवंत ठेवून उपयोग नाही. शेजारच्या काकांनी तसंच केलं आणि "यूपीएस बोगस निघाला" म्हणून महिनाभर दुकानदाराला शिव्या घातल्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण बहुधा असतं. त्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदल इतका पटकन होतो की राऊटरला कळतही नाही. पण सावध: यूपीएस मोड कमी व्होल्टेज सहन करत नाही, लगेच बॅटरीवर जातो. जिथे दिवसभर लाइट डिम असते तिथे बॅटरी सारखी उतरत राहील. अशा गावात इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवून राऊटरला वेगळा छोटा यूपीएस, हे मला जास्त पटतं.

आणि हो, तीन-चार वर्षं जुना ॲडॅप्टर हातात घेऊन बघा. खूप तापत असेल किंवा आतून किरकिर आवाज येत असेल तर आधी तोच बदला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

पायरी ४ : राऊटर कुठे ठेवलाय?

यूपीएस लावल्यावर सकाळची शांतता संपली. दुपारचं बोबडं बोलणं मात्र तसंच. मग संक्रांतीला गावी गेलो तेव्हा पाहिलं. जोडणी करून गेलेल्या मुलाने राऊटर ढाळजेतल्या, म्हणजे दाराजवळच्या बैठकीतल्या देवळीत ठेवला होता. आईने वर विणलेला रुमाल टाकलेला, पुढे उदबत्तीचं घर आणि पितळी समई. फार देखणं दिसत होतं.

आमचं घर जुनं, माळवदाचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-अडीच फूट जाड, बाहेरून दगड. देवळी म्हणजे त्या भिंतीत खोदलेला खड्डाच. मागे माती, दोन्ही बाजूंना माती, वर माती. राऊटरला बोलायला तोंड फक्त समोर, आणि समोर समई! स्पीकर होता आत माजघरात, म्हणजे लहरींना वाकडं वळून आणखी एक जाड भिंत पार करायची. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तर विचारूच नका, पाणी या लहरी पिऊन टाकतं.

राऊटर देवळीतून काढून तुळईला, दाराच्या वरच्या अंगाला टांगला, अशा जागी की तिथून ढाळज आणि माजघराचं दार दोन्ही दिसतील. बाकी काही केलं नाही. त्या दिवशी दुपारी आबांनी पूर्ण तासभर ऐकलं आणि एकदाही हाक मारली नाही.

अंदाजाने फिरत बसण्यापेक्षा मोजा. वाय-फायची ताकद दाखवणारी फुकट ॲप मिळतात. फोन नेमका स्पीकरच्या जागी ठेवायचा, हातात धरून नाही, आणि डीबीएमचा आकडा बघायचा. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० उत्तम. -६७ पर्यंत गाणं आरामात चालतं. -७५ च्या पुढे गचक्या सुरू होतात, -८० च्या पुढे आशा सोडा. आमच्या माजघरात देवळीच्या काळात -७९ होता, तुळईवरून -६२ आला.

काय टाळायचं ते थोडक्यात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी किंवा भरलेला रांजण, टीव्हीची मागची बाजू. पत्र्याची खोली असेल तर पत्रा लहरी परतवतो. तिथला स्पीकर बाहेरच्या राऊटरवर नीट चालायचा नाही, त्या खोलीला स्वतःची वायर लागेल.

पत्र्याचं आणखी एक. घरगुती राऊटरवर चालवण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ असतं, पत्र्याखाली किती होत असेल ते सांगायला नको. दुपारी दोन ते पाचमध्येच तुटत असेल तर राऊटरला हात लावून बघा. रुमाल आधी काढा. आईला वाईट वाटेल, तरी काढा.

पायरी ५ : हवेतली गर्दी

गावात ही पायरी बहुधा लागत नाही, कारण आजूबाजूला वाय-फायच चार-दोन. शहरात मात्र हीच मुख्य. लातूरच्या ट्यूशन एरियात एका इमारतीत पंधरा खोल्या, जवळजवळ प्रत्येक खोलीत राऊटर. माझ्या फ्लॅटमध्ये ॲप उघडलं तर सत्तावीस नावं दिसतात.

वाय-फायचे दोन पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण तो अरुंद आणि गजबजलेला. ब्लूटूथही त्यातच, मायक्रोवेव्हही त्याच आसपास, २.४५ ला. ५ गिगाहर्ट्झचा मोकळा असतो, पण जाड भिंतीपुढे लवकर हार मानतो. म्हणून फ्लॅटमध्ये, राऊटर आणि स्पीकर एकाच किंवा शेजारच्या खोलीत असतील तर ५. माळवदाच्या घरात २.४.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, आकडे अर्थातच इंग्रजीत. पासवर्ड बहुतेक राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे तीन गोष्टी करा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे स्पीकर सारखा इकडून तिकडे उड्या मारणार नाही. २.४ चं चॅनल "ऑटो"वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी जे सगळ्यात रिकामं दिसेल ते द्या, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. वेग थोडा घटेल, पण गाण्याला वेग लागतच नाही, ते आपण वर पाहिलंच.

तिथेच गेस्ट नेटवर्क दिसलं तर स्पीकर किंवा फोन त्यावर नाही ना, ते बघा. गेस्टवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते, मग स्पीकर सापडत नाही किंवा मध्येच हरवतो. एक शेवटचं सेटिंग: स्पीकरला कायमचा एकच आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवा. राऊटर रोज नवीन पत्ता देत असेल तर काही स्पीकर गोंधळतात.

पायरी ६ : ब्लूटूथवाल्यांसाठी

सगळ्यात आधी फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन गाण्याच्या ॲपवरचं बंधन काढा, "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो. स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप सर्रास मारतात. पुष्कळदा गोष्ट इथेच संपते.

नंतर बघा, स्पीकरला दुसरा फोन तर जोडलेला नाही ना. आजकालचे बरेच स्पीकर एकाच वेळी दोन फोन धरून ठेवतात. भाच्याने सुट्टीत जोडलेला फोन तो आत आला की आपोआप जोडला जातो, त्याच्यावर मेसेज टिंग वाजला की तुमचं गाणं थांबतं. स्पीकरच्या आठवणीतून सगळे फोन पुसून फक्त आपला जोडा.

माणसाचं अंगही बरंच पाणी आहे. फोन मागच्या खिशात आणि स्पीकर समोर असेल तर मध्ये तुम्हीच भिंत आहात. ब्लूटूथचा भरवसा दहा मीटरचा, तोही मोकळ्यात. भारी फोनमध्ये एलडीएसी नावाचा उच्च दर्जाचा प्रकार असतो, तो ९९० केबीपीएसपर्यंत जातो आणि गर्दीत लगेच अडखळतो. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये तो बंद करून साध्या एएसी किंवा एसबीसीवर आणा. कानाला फरक कळला तर मला कळवा, मला तरी कळत नाही.

लॅपटॉपवरून गाणी लावणाऱ्यांनी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क ब्लूटूथच्या छोट्या डोंगलशेजारी लावू नये. ती वायर २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. लांबची बाजू वापरा.

पायरी ७ : मग कंपनीला फोन करा

एवढं सगळं करून तुटत असेल तर फोनवर पिंगचं ॲप घ्या. ते एखाद्या पत्त्याला छोटी पॅकेट पाठवून किती परत येतात ते मोजतं, न आलेली ती गळती. आधी राऊटरच्या पत्त्याला पाच मिनिटं पिंग करा, मग ८.८.८.८ ला, हा बाहेरच्या नेटवरचा गूगलचा पत्ता. राऊटरपर्यंतच गळती असेल तर दोष घरातला, परत पायरी ४ वर या. राऊटरपर्यंत सगळं साफ आणि पुढे गळती असेल तर दोष बाहेरचा. फायबरच्या डबीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा लाल दिवा लागत असेल तर तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे, त्यात आपण करण्यासारखं काही नाही.

फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. समोरचा वेग मोजायला सांगेल, वेग बरोबर येईल, आणि तक्रार बंद होईल. "राऊटरपर्यंत गळती शून्य, पुढे शंभरात बारा पॅकेट गेली, रात्री नऊ ते दहा, तीन दिवस" असं सांगितलं की माणूस सरळ बसतो. माझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा शिडी घेऊन हजर होता.

आणि वायरीची लाज बाळगू नका

वाड्यात, माळवदात, दोन मजली दगडी घरात सगळीकडे एकच राऊटर पोचवणं हा हट्ट आहे. लोक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे देणारी डबी, घेतात आणि जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत लावतात. जो स्वतःच उपाशी आहे तो दुसऱ्याला काय वाढणार? रिपीटर लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे -६५ च्या आत सिग्नल येतो तिथे. त्यापेक्षा कॅट ६ ची एक वायर दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत न्यावी आणि तिथे दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वाय-फायने वाटायला, लावावा. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे परसापर्यंत गेली तरी उरेल.

आबांच्या स्पीकरला मात्र मी शेवटी आणखी एक पळवाट ठेवली. नेटच गेलं तर काय, म्हणून त्यांचे ठरलेले चाळीस अभंग त्यांच्याच फोनमध्ये उतरवून दिले. ३२० केबीपीएसने मिनिटाला २.४ एमबी, पाच मिनिटांचा एक धरला तर चाळीस मिळून अर्धा जीबीसुद्धा होत नाही. नेट नसलं की ब्लूटूथवर तेच लावायचे, हे आईला शिकवलं. मे महिन्यात दिवसभर नेट नव्हतं, तेव्हा मी काळजीने फोन केला. मागे अभंग चालू होता. आबा म्हणाले, "चालू हाय रे. तू मधी बोलू नको, ऐकू दे."